घर बुडालं? मग आपणच होडी!

१९४२ सालची गोष्ट. अमेरिकेत अलाबामा राज्यात मोबील नावाचं बंदर आहे. तिथला १३ वर्षांचा एक मुलगा घराजवळच्या रिकाम्या जागेत मुंग्या शोधत हिंडायचा. लहानपणी मासे पकडताना माशाचा काटा लागून त्याचा एक डोळा अधू झाला होता. लांबचे पक्षी-प्राणी बघणं जमेना, तेव्हा स्वारीनं चिमटीत धरून डोळ्यांजवळ नेता येतील असे किडेच निवडले! तर त्या जागेत त्याला एका परक्या लाल मुंगीचं वारूळ सापडलं. ही मुंगी दक्षिण अमेरिकेतून जहाजात बसून आली होती. अमेरिकेतल्या तिच्या अगदी पहिल्या नोंदींपैकी ही एक. मुलाचं नाव एडवर्ड विल्सन. पुढे तो हार्वर्ड विद्यापीठात प्राध्यापक झाला आणि मुंग्यांच्या अभ्यासात जगभर गाजला.

ही मुंगी म्हणजे फायर अँट. आपण तिला आगमुंगी म्हणू या. का, ते ती चावली की कळतं. आधी ती जबड्यानं कातडी घट्ट पकडते. मग पोट वाकवून मागच्या नांगीनं डंख मारते. जबडा न सोडता थोडी फिरते, पुन्हा डंख. पुन्हा फिरते, पुन्हा डंख! मधमाशीची नांगी एकदाच अडकते आणि खेळ संपतो. हिचं तसं नाही. दुसऱ्या दिवशी तिथे पांढऱ्या तोंडाच्या पुटकुळ्या येतात. हिची एक चुलत बहीण आपल्या भारतातही आहे, पण म्हणून दिसली लाल मुंगी की तीच, असं समजू नका. लाल मुंग्यांच्या जाती पुष्कळ.

आपल्याकडे शेताच्या बांधावर दिसणारं टणक, उंच वारूळ खरं तर वाळवीनं बांधलेलं असतं. आगमुंगीचं वारूळ निराळं. भुसभुशीत मातीचा ढीग, आणि गंमत म्हणजे त्याला वर दारच नाही. मुंग्या जमिनीखालच्या बोगद्यांतून जातात आणि वारुळापासून बऱ्याच लांब बाहेर पडतात. मग हा ढीग कशाला? उन्हासाठी! गार सकाळी ढिगाची उन्हाची बाजू आधी तापते. मुंग्या अंडी, अळ्या उचलून तिकडे नेतात. ऊन फार झालं की सगळं बिऱ्हाड पुन्हा खाली गारव्याला. दिवसभर हीच हमाली. अशा ढिगात काडी खुपसली, तर डोळ्याचं पातं लवायच्या आत शेकडो मुंग्या काडीवरून हातावर. तेव्हा खुपसायची नाही.

आत तर आणखी मजा. मोठ्या मुंग्यांना घन पदार्थ गिळताच येत नाहीत, फक्त रस चालतो. मग मेलेल्या किड्याचा तुकडा आणला की काय करायचं? तो नेऊन मोठ्या अळीच्या तोंडाखाली, तिच्या पोटावर ठेवायचा. अळी त्यावर पाचक रस सोडते, तुकडा विरघळतो आणि तयार झालेला रस सगळ्या घरात वाटला जातो. म्हणजे या घरात मोठ्यांचं जेवण बाळं पचवून देतात.

पण या मुंगीचं खरं कसब पुरात दिसतं. तिचं मूळ गाव ब्राझील, पॅराग्वे, अर्जेंटिना या भागातल्या नद्यांच्या काठी. तिथे पूर ठरलेलाच. वारुळात पाणी शिरलं की मुंग्या अळ्या आणि राणी घेऊन वर येतात आणि एकमेकींना धरतात. कुणी जबड्यात दुसरीचा पाय पकडते, कुणी पायावरच्या चिकट गाद्यांनी चिकटते. झाला तराफा! लाकूड नाही, दोरी नाही, सगळा मुंग्यांचाच.

अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी मुंग्या गोळा करून त्यांचा चक्क गोळा वळला आणि पाण्यात सोडला. थालीपीठ थापावं तसा तो आपोआप पसरत गेला. साधारण १०० सेकंदांत तराफा तयार! काडीनं दाबला तर तो वाकला, पण पाणी आत शिरलं नाही. गोठवून बघितल्यावर कळलं, की एकेका मुंगीनं सरासरी १४ जणींशी संधान बांधलेलं असतं.

मग तळातल्या बिचाऱ्या बुडत नाहीत? नाही. त्यांच्या अंगाला पाणी सहज चिकटत नाही, आणि एकमेकींना बिलगल्यावर तर मधे हवेचा पातळ थर अडकून राहतो. अळ्यांच्या अंगावरच्या केसांतही बुडबुडे अडकतात, त्यामुळे त्यांचाही तरंगायला उपयोग होतो. असा तराफा कितीतरी दिवस वाहत जाऊ शकतो.

२०१७ साली हार्वे वादळात टेक्सासमधलं ह्यूस्टन शहर बुडालं, तेव्हा रस्त्यांवरच्या पाण्यात असे तांबडे तराफे तरंगत होते. होडीतल्या माणसांना एकच भीती: वल्हं लागलं तर? कारण तराफ्याला कोरडं काहीही चालतं. झाड, कुंपण, वल्हं, माणूस. टेकला की सगळ्या भराभर वर. त्यात पाण्यावर असताना त्या जास्तच चिडक्या असतात, डंखातून विषही जास्त सोडतात.

त्यांच्यावर उपाय साबणाचा. साबणाचं पाणी मारलं की पाणी त्यांच्या अंगाला चिकटतं, अडकलेली हवा निसटते आणि तराफा बुडतो. साबण पाण्याचं काय करतो, ते घरी बघा. ताटलीत पाणी घ्या, वर मिरपूड भुरभुरा. ती तरंगेल. आता बोटाला साबण लावून मधोमध टेकवा. मिरपूड झर्रकन कडेला पळेल, थोडी तळाशी जाईल. मिरपूड मात्र आईला विचारून घ्या, आणि प्रयोग मिरपुडीवरच करा, मुंग्यांवर नाही!