समाक्ष केबलीची शक्तिवहन मर्यादा

समाक्ष केबलीची शक्तिवहन मर्यादा : समाक्ष केबल निकामी न होता तिच्यातून जास्तीत जास्त जेवढी रेडिओ-कंप्रता शक्ती नेता येते, त्या मूल्यास ही संज्ञा आहे. मध्यवर्ती तार, तिच्याभोवतीचा निरोधक व त्यावरील नळीसारखा बाह्य संवाहक यांचा अक्ष एकच असल्याने या केबलीस ‘समाक्ष’ म्हणतात. प्रेषकापासून आकाशकापर्यंत शक्ती नेण्यासाठी ती वापरतात. तिच्या मर्यादा दोन असून त्यांपैकी जी आधी गाठली जाते तीच व्यवहारात लागू पडते.

शिखर मर्यादा : संवाहकांमधील विद्युत् दाब फार वाढल्यास निरोधकाचा भंग होऊन ठिणगी पडते. सर्वसाधारण दाबाच्या कोरड्या हवेत दर सेंमी.स सुमारे ३० किलोव्होल्ट क्षेत्रतीव्रतेस असे घडते. यासाठी मोठ्या केबलींत दाबाखालील कोरडी हवा किंवा नायट्रोजन भरतात. संपूर्ण परमप्रसर विरूपणात सरासरी शक्ती वाहक तरंगाच्या दीडपटच होते; परंतु शिखर शक्ती चौपट होते. आकाशकाचा संरोध केबलीशी जुळत नसल्यास परावर्तित तरंगामुळे दाब काही ठिकाणी आणखी वाढतो.

सरासरी मर्यादा : संवाहक व निरोधक यांत होणाऱ्या शक्तिव्ययामुळे केबल तापते. घन पॉलिएथिलीन निरोधक असल्यास मध्यवर्ती तारेचे तापमान साधारणपणे ८०° से.च्या वर जाऊ देत नाहीत. अन्यथा निरोधक मऊ होऊन तार मध्यापासून सरकते. संवाहकांतील व्यय कंप्रतेच्या वर्गमूळाच्या प्रमाणात वाढत असल्याने उच्च कंप्रतेस तीच केबल कमी शक्ती वाहते. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्याचा वरळी येथील मनोरा सुमारे ३०० मी. उंच आहे. एवढ्या लांबीच्या केबलीत एकूण क्षीणन १ डेसिबेल धरले, तरी १० किवॉ. शक्तीपैकी सुमारे २ किवॉ. उष्णतेत जाते व प्रेषकाकडील टोक सर्वाधिक तापते.

उत्पादकांनी दिलेली मूल्ये बहुधा ४०° से. परिसर तापमानास अनुसरून असतात. विदर्भातील वडनेर भोलजीसारख्या ठिकाणी मे महिन्यात सावलीतील तापमानही याहून अधिक होते आणि उन्हातील काळे वेष्टन त्याहूनही तापते. परिसर तापमान ५०° से. धरल्यास ८०° से.पर्यंतची वाढ ४० ऐवजी ३० अंशच उरते. म्हणून सरासरी शक्ती स्थूलमानाने तीन-चतुर्थांशच ठेवावी लागते.

हवा-निरोधित केबलीत शक्तिवहन सुमारे ३० ओहम संरोधास महत्तम, तर क्षीणन सुमारे ७७ ओहमला किमान असते. प्रचलित ५० ओहम संरोध हा या दोहोंमधील सुवर्णमध्य होय.