शिकार संपली, रायफली उरल्या

अजिंठ्याच्या लेण्यांचा आधुनिक शोध एका शिकारीतून लागला, हे आपल्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. २८ एप्रिल १८१९ रोजी मद्रास घोडदळाचा कॅप्टन जॉन स्मिथ वाघाच्या मागावर असताना त्याला वाघूर नदीच्या घळीत दहाव्या लेण्याची कमान दिसली. पुढे १८४४पासून तिथल्या चित्रांच्या प्रतिकृती करणारा रॉबर्ट गिल हाही नामांकित शिकारी होता. लेणी आपण जपली. त्या शतकात आणि त्यानंतर इंग्रज अधिकारी, संस्थानिक आणि जहागीरदार यांनी युरोपातून मागवलेल्या शिकारी रायफलींकडे मात्र आपण अजूनही फक्त शस्त्र म्हणून, नाहीतर परवान्याची कटकट म्हणून पाहतो. माझ्या मते त्या वस्तू उत्तम कारागिरीचे नमुने आहेत, शिवाय वासाहतिक काळाचा पुरावाही आहेत. त्यांची जागा कुलूपबंद कपाटात किंवा भंगारात नसून सार्वजनिक संग्रहालयात आहे.

आधी कारागिरीचे पाहू. लंडन, बर्मिंगहॅम, बेल्जियमचे लिएज, जर्मनीचे झूल, ऑस्ट्रियाचे फेरलाख ही गावे बंदुका घडवणाऱ्यांच्या पिढ्यांनी नावारूपाला आणली. गिऱ्हाईकाच्या हाताची लांबी आणि खांद्याची ठेवण पाहून अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता कोरला जाई. नळी, खटका, दस्ता आणि नक्षी ही कामे वेगवेगळ्या हातांची असत. सर्वांत कठीण काम दुनळी रायफलीचे. दोन्ही नळ्यांच्या गोळ्या ठरलेल्या अंतरावर एकाच जागी लागायला हव्यात. त्यासाठी कारागीर गोळी झाडून पाही, नळ्यांमधला डाख वितळवून त्यांचा कोन केसभर बदली, पुन्हा डाख देई आणि पुन्हा झाडून पाही. हे गणित कागदावर सुटत नसे. त्यानंतर नळी सरकारमान्य चाचणीगृहात जाई. तिथे नेहमीपेक्षा जादा दाबाचे काडतूस उडवून ती टिकली तरच तिच्यावर शिक्का बसे. लिएजचे चाचणीगृह १६७२चे, बर्मिंगहॅमचे १८१३चे. या शिक्क्यांवरून जाणकार आजही रायफलीचे गाव आणि साधारण काळ ओळखतात. पैठणीचा पदर पाहून विणकराला दाद देणाऱ्या आपल्या शहराला या कौशल्याचे मोल वेगळे समजावून सांगावे लागू नये.

दुसरा मुद्दा इतिहासाचा. या रायफली युरोपात घडल्या, तरी त्यांच्या रूपावर हिंदुस्थानचा ठसा आहे. नळीच्या केवळ शेवटच्या काही इंचांत आटे पाडलेली ‘पॅराडॉक्स’ बंदूक छर्रे आणि जड गोळी दोन्ही झाडू शके. तिची कल्पना इथल्या फौजेत नोकरी केलेल्या कर्नल जॉर्ज फॉस्बेरीची. १८८५च्या सुमारास हॉलंड अँड हॉलंडने ती बाजारात आणली आणि हिंदुस्थानातल्या शिकाऱ्यांनी ती उचलून धरली. याहून बोलका दाखला कायद्याचा आहे. मार्टिनी-हेन्री या लष्करी रायफलीला चालेल असा दारूगोळा बंडखोरांच्या हाती पडू नये, म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटिश सरकारने .४५० व्यासाच्या शिकारी रायफली हिंदुस्थानात आणण्यास मनाई केली. मग लंडनच्या कारखानदारांनी .४६५, .४७०, .४७६ असे नवे व्यास काढले आणि ते जगभर रूढ झाले. राज्यकर्त्यांना वाटणारी भीती अशी पोलादात कोरली गेली. शिवाय जुन्या नामवंत कारखान्यांनी नोंदवह्या जपल्या आहेत. अनुक्रमांकावरून पहिला मालक कोण, मागणी कोणत्या वर्षाची, हे कळू शकते. चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल जिम कॉर्बेटला मिळालेल्या रिग्बी रायफलीच्या दस्त्यावर तर त्या प्रसंगाची चांदीची पट्टीच जडवलेली आहे.

यावर पहिला आक्षेप स्वाभाविक आहे: ज्यांनी आपली जंगले वाघांवाचून ओस पाडली, त्या हत्यारांचे कौतुक कशाला? आक्षेपातला संताप योग्य आहे. अजिंठ्याच्या डोंगररांगांतले वाघ नाहीसे झाले, त्यात शिकारीचाही वाटा होता आणि १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वाघांची शिकार बंद केली, ते योग्यच झाले. पण पुरावा नष्ट केल्याने गुन्हा पुसला जात नाही. उलट रायफल, तिची नोंद आणि त्या काळच्या शिकारीचे आकडे एकत्र मांडले, तर हा विनाश किती तयारीने आणि किती खर्चाने झाला हे पाहणाऱ्याला उमजेल. कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यातील संग्रहालयात शस्त्रे आणि शिकारीतले प्राणी एकाच छपराखाली आहेत. अशा मांडणीला स्पष्ट भाष्याची जोड हवी.

दुसरा आक्षेप सुरक्षेचा. युरोप-अमेरिकेत श्रीमंत हौशी लोक अशा रायफलींचे खासगी संग्रह करतात. आपल्याकडे ते शक्य नाही आणि इष्टही नाही. शस्त्र कायद्यातील २०१९च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनच बंदुका बाळगता येतात. वारशाने आलेल्यांनाही ही मर्यादा लागू आहे आणि ती मला मान्य आहे. मात्र तिच्यामुळे वाडवडिलांच्या बंदुका घराबाहेर पडणार, त्यातल्या मोलाच्या कोणत्या हे कोण पाहणार? शंभर वर्षांपूर्वीची, कारागिरीची किंवा विज्ञानाची साक्ष देणारी वस्तू पुरावशेष ठरू शकते, असे १९७२चाच पुरावशेष कायदा सांगतो. दुरुस्त करूनही चालणार नाही अशा पुरातन शस्त्राला शस्त्र कायद्यातही सूट आहे. म्हणजे संग्रहालयाची वाट कायद्यानेच मोकळी ठेवली आहे.

म्हणून मागणी साधी आहे. जमा झालेल्या जुन्या बंदुकांची विल्हेवाट लावण्यापूर्वी जिल्हा प्रशासनाने पुरातत्त्व खात्याच्या जाणकाराकडून त्यांची पाहणी करून घ्यावी. निवडक रायफली छत्रपती संभाजीनगरातील छत्रपती शिवाजी महाराज पुराणवस्तुसंग्रहालयासारख्या ठिकाणी द्याव्यात. ज्या घरांत अशी रायफल आहे, त्यांनी परवाना चोख ठेवावा, दस्ता घासून नव्याने पॉलिश करू नये, जुनी पेटी, पावत्या, पत्रे आणि छायाचित्रे फेकू नयेत. कागद हरवलेली रायफल निम्मी मुकी होते.