नवोदयची तयारी : चुकलेल्या उत्तरापासून सुरुवात

पाचवीतल्या मुलाला नवोदयच्या परीक्षेला बसवायचं ठरलं की घरात सगळ्यात आधी येतं ते एक जाडजूड गाइड. मग आज किती पानं झाली, किती संच सोडवले, याचा रोजचा हिशेब सुरू होतो. शाळेत जादा तास घेणाऱ्या गुरुजींनी किंवा घरी भाच्याला घेऊन बसणाऱ्या मावशीने हा हिशेब बाजूला ठेवावा, असं मला मनापासून वाटतं. चुकलेला प्रश्न नेमका का चुकला हे मुलाशेजारी बसून कुणी पाहिलं, तरच सरावाला अर्थ येतो.

आधी परीक्षा समजून घेऊ. जवाहर नवोदय विद्यालयांची सुरुवात १९८५-८६ मध्ये दोन शाळांपासून झाली. एक हरियाणातल्या झज्जरला आणि दुसरी आपल्या अमरावतीत. खेड्यापाड्यातल्या हुशार मुलांना सहावी ते बारावी निवासी शिक्षण मिळावं हा त्यामागचा हेतू, म्हणून जिल्ह्यातल्या किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागातल्या मुलांसाठी असतात. सहावीला एका विद्यालयात जास्तीत जास्त ८० मुलं घेतात. अर्जाला फी नाही, पेपर मराठीतून देता येतो आणि एका मुलाला ही परीक्षा एकदाच देता येते.

पेपर दोन तासांचा, ८० प्रश्न आणि १०० गुण. मानसिक क्षमता चाचणीचे ४० प्रश्न, अंकगणिताचे २० आणि भाषेचे २०. म्हणजे निम्मे गुण एकट्या मानसिक क्षमतेला आहेत, आणि त्या विभागात सगळ्या आकृत्या असतात. शिष्यवृत्ती परीक्षेच्या बुद्धिमत्ता चाचणीत अक्षरमाला, संख्यामाला, सांकेतिक भाषा असं बरंच येतं. नवोदयला त्यातलं काही नाही. शिष्यवृत्तीचं पुस्तक नवोदयसाठी वापरणाऱ्यांचा बराच वेळ इथे वाया जातो.

या आकृत्यांचे प्रकार ठरलेले असतात : गटात न बसणारी आकृती, तंतोतंत जुळणारी आकृती, अपुरी आकृती पूर्ण करणं, आकृत्यांची मालिका, आरशातली प्रतिमा, कागदाची घडी घालून पाडलेली भोकं, लपलेली आकृती वगैरे. हे शिकवताना फळ्यापेक्षा हातात कागद हवा. घडीचा प्रश्न घ्या. चौकोनी कागदाची आधी उभी आणि मग आडवी घडी घाला, एका कोपऱ्याजवळ पंचने भोक पाडा आणि कागद न उघडता मुलाला विचारा, ‘उघडल्यावर भोकं कुठे कुठे दिसतील? काढून दाखव.’ त्याने वहीत काढलं की मगच कागद उघडायचा. चार भोकं येतील हे बहुतेक मुलं पटकन सांगतात. गोंधळ होतो तो जागेचा. भोक घडीच्या मधल्या कोपऱ्याजवळ असेल तर चारही भोकं कागदाच्या मध्यावर गोळा होतात. मोकळ्या कोपऱ्याजवळ असेल तर चार कोपऱ्यांत पांगतात. हे दोनचारदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या मुलाला नियम पाठ करावा लागत नाही. हळूहळू कागद बाजूला ठेवायचा आणि फक्त चित्रावरून विचारायचं.

आरशाच्या प्रश्नालाही असाच उपाय आहे. पातळ कागदावर आकृती ठळक काढायची आणि कागद उलटून उजेडासमोर धरायचा. आरसा शेजारी उभा असेल तर दिसणारी प्रतिमा तीच. डावं-उजवं बदललं, वर-खाली तसंच राहिलं, हे मुलाला स्वतः ताडून पाहता येतं. ‘बरोबर का, सर?’ असं दरवेळी विचारावं लागत नाही. पुढे पर्याय गाळायला शिकवा. सगळी आकृती एकदम पाहायची नाही. एखादा ठिपका, बाणाचं टोक, रंगवलेला कोपरा धरायचा आणि तो चुकीच्या बाजूला असलेले पर्याय खोडायचे. बहुतेकदा दोन पर्याय लगेच जातात.

अंकगणितात चुकीचं उत्तर फार बोलकं असतं. एक गणित पाहा : आयताकृती बागेची लांबी १५ मीटर, रुंदी ८ मीटर. बागेभोवती तारेचे दोन फेरे घालायचे आहेत, तर किती मीटर तार लागेल? पर्याय : ४६, ९२, १२०, २४०. उत्तर ९२. आता ज्या मुलाने ४६ निवडलं त्याला परिमिती येते. ‘दोन फेरे’ हे शब्द त्याच्या नजरेतून सुटले. ज्याने २४० निवडलं त्याने प्रश्न अगदी नीट वाचला, पण कुंपण आणि क्षेत्रफळ यांत त्याची गल्लत झाली. १२० वाल्याचं दोन्हीकडे चुकलं. तिघांनाही शून्यच गुण मिळाले, तरी तिघांना देण्याचा अभ्यास वेगळा आहे. पहिल्याला प्रश्नातल्या महत्त्वाच्या शब्दाखाली रेघ मारायची सवय लावायची. दुसऱ्याला अंगणात नेऊन आखलेल्या चौकोनाच्या कडेने चालायला लावायचं, मग आत फरशा मांडायला सांगायचं. तिघांनाही परिमितीची आणखी पन्नास गणितं दिली तर पहिला कंटाळेल आणि दुसरा तीच चूक पक्की करेल.

म्हणून एक वेगळी वही करावी, फक्त चुकांची. प्रश्न लिहायचा, आपण निवडलेला पर्याय लिहायचा आणि तो का निवडला हे मुलाने आपल्या शब्दांत एका ओळीत लिहायचं. ‘घाई झाली’, ‘लसावि की मसावि कळलं नाही’, ‘अंदाजे मारला’. हे लिहिताना मुलाला ओरडायचं नाही. एकदा ओरडलात की पुढच्या पानापासून सगळीकडे ‘घाई झाली’ एवढंच येतं, आणि मग त्या वहीतून काहीच कळत नाही.

अंदाजाचंही सांगायला हवं. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा खऱ्या परीक्षेत एकही प्रश्न रिकामा सोडू नये. सरावात मात्र अंदाजाने दिलेल्या उत्तरापुढे बारीक फुली करायला सांगा. नाहीतर नशिबाने बरोबर आलेलं उत्तर तुम्ही ‘येतं’ म्हणून धरून पुढे जाल.

भाषेच्या विभागात उतारे असतात आणि प्रत्येकाखाली प्रश्न. चुणचुणीत मुलं इथे हमखास फसतात, कारण त्यांना विषयाची माहिती असते आणि ती उताऱ्याऐवजी माहितीवरून उत्तर देतात. प्रत्येक उत्तरासाठी उताऱ्यातल्या नेमक्या वाक्यावर बोट ठेवायला लावा. बोट ठेवता आलं नाही तर उत्तर पुन्हा शोधायचं. उरलेलं काम रोजच्या वाचनाने होतं. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतंय. त्यातला एक लेख मोठ्याने वाचून घेणं हे एका सराव संचाइतकंच मोलाचं आहे.

ओएमआर उत्तरपत्रिकेची सवय दिवाळीनंतर लावावी, आधी नको. गोल बॉलपेनने रंगवायचा असतो, खाडाखोड चालत नाही. सगळ्यात वाईट चूक म्हणजे एक प्रश्न सोडला आणि पुढची सगळी उत्तरं एकेक ओळ वर सरकली. त्यावर उपाय साधा : गोल रंगवण्याआधी प्रश्नाचा क्रमांक ओठांतल्या ओठांत म्हणायचा. वेळेचं म्हणाल तर मानसिक क्षमतेला एक तास आणि बाकी दोन विभागांना अर्धा-अर्धा तास धरतात. आकृत्यांत हात बसलेलं मूल तिथे दहा मिनिटं वाचवतं आणि ती अंकगणिताला देतं. पण तिन्ही विभागांत स्वतंत्रपणे पात्र व्हावं लागतं, तेव्हा भाषेचे प्रश्न शेवटच्या पाच मिनिटांवर ढकलू देऊ नका.

पाचवीतल्या पोराला केवळ या परीक्षेसाठी घरापासून दूर निवासी क्लासला ठेवण्याच्या मी विरोधात आहे. रोज तासभर, एकाच माणसाबरोबर, शांतपणे केलेला अभ्यास या वयाला पुरतो. शिवाय जिल्ह्यातून हजारो मुलं बसतात आणि जागा ८०. निवड न झालेल्यांत कितीतरी हुशार मुलं असतात, आणि हे आकडे मुलाला निकालानंतर समजूत घालायला सांगून उपयोग नाही. तयारी सुरू करतानाच सांगावेत. आई-वडिलांनाही त्याच बैठकीत सांगावेत.

शेवटच्या आठवड्यात नवीन संच उघडायचा नाही. चुकांची वही वाचायची, परीक्षा केंद्र गावाबाहेर असेल तर तिथली एसटी किती वाजता आहे ते बघून ठेवायचं, आणि प्रवेशपत्रासोबत दोन चालू बॉलपेनं आदल्या रात्रीच दप्तरात ठेवायची.