शिरपूरच्या पाटलांची पोरगी आणि १९८२

१९८२ सालचे सिनेमे आमच्या बोदवडला १९८२ मध्येच पोचले, असं म्हणायची सोय नाही. मुंबईत शुक्रवारी लागलेला सिनेमा भुसावळच्या टॉकीजला यायला मधे बराच काळ जायचा. आमच्या गावच्या तंबू टॉकीजमध्ये येईपर्यंत तर रिळं इतकी झिजलेली असत की भर उन्हातल्या प्रसंगातही पडद्यावर पाऊस पडत राही. काही सिनेमे पुढे भाड्याच्या व्हिडिओवर पाहिले, काही दूरदर्शनवर. त्यामुळे त्या सालाचा हिशेब करायला मला दहा वर्षं तरी लागली. तो लागला तेव्हा ध्यानात आलं, की माझ्या आवडीच्या यादीत एकच बाई पुन्हा पुन्हा येतेय.

'उंबरठा', 'बाजार', 'अर्थ', 'शक्ती', 'नमक हलाल', 'भीगी पलकें', 'दर्द का रिश्ता'. या सगळ्यांत स्मिता पाटील आहे आणि हे सगळे एकाच सालातले. त्यात समांतर सिनेमा आहे, तद्दन बाजारू आहे, मराठी आहे, हिंदी आहे. तेव्हा तिचं वय सव्वीस-सत्तावीस. 'भूमिका' आणि 'चक्र' या दोन सिनेमांसाठी राष्ट्रीय पुरस्कार तिच्या पदरात आधीच पडले होते.

खानदेशात तिचं नाव निघालं की पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, "आपल्या शिरपूरच्या पाटलांची पोरगी हाये ती." वडील शिवाजीराव गिरधर पाटील स्वातंत्र्यलढ्यातले, पुढे राज्यात मंत्री. ती जन्मली पुण्यात, वाढली पुण्यात, बातम्या वाचल्या मुंबई दूरदर्शनवर. पण आमच्याकडे माणसाचं गाव विचारलं की बापाचं गाव सांगतात. शिरपूर आमच्यापासून लांब, तापीच्या खोऱ्यात, धुळे जिल्ह्यात. तरी हक्क सांगताना जिल्ह्याची हद्द कुणी मधे आणत नसे.

गंमत अशी, की या हक्काच्या पोरीला गावानं आधी पाहिलं ते 'नमक हलाल'मध्ये. प्रकाश मेहरांचा सिनेमा, अमिताभ, शशी कपूर, बप्पी लाहिरींचं संगीत. कापसाचे चुकारे हातात आले की अशा सिनेमाला गर्दी उसळायची. पावसातलं तिचं नि अमिताभचं गाणं लागलं आणि तंबूत शिट्ट्यांचा कहर झाला. "आपली पोरगी" म्हणणारे काका मंडळी तेवढ्या वेळापुरती बिडी ओढायला बाहेर गेली. ते गाणं करताना ती फार अवघडली होती, असं पुढे अमिताभनंच सांगितलं. पडद्यावर ते दिसतंही. मला तो सिनेमा आवडतो, पण त्याचं श्रेय तिच्याकडे जात नाही. तिथं दुसरी कुणी असती तरी फारसं बिघडलं नसतं.

'शक्ती'ची गोष्ट वेगळी. रमेश सिप्पींच्या या सिनेमात दिलीपकुमार आणि अमिताभ समोरासमोर, सलीम-जावेदची पटकथा. म्हणजे बाईला जागा उरणार किती? समीक्षकांनी स्मिता वाया गेली म्हटलं. मला तसं वाटत नाही. तिची रोमा एकटी राहते, कमावते, आणि घरी येणाऱ्या पुरुषाची तिला भीती वाटत नाही. हिंदी मसाल्यात अशी मुलगी असली की ती वाईट चालीची, असाच तेव्हाचा दंडक. स्मितानं तिला इतकं साधं ठेवलं की तंबूतल्या बायकांच्या बाजूनंही कुणी नाक मुरडलं नाही.

'उंबरठा' मात्र रविवारच्या दुपारी, शेजाऱ्यांच्या टीव्हीवर. जब्बार पटेलांचा हा सिनेमा शांता निसळ यांच्या 'बेघर' कादंबरीवर बेतलेला, पटकथा विजय तेंडुलकरांची. वकिलाची बायको सुलभा महाजन घर आणि लहान मुलगी मागे ठेवून महिला सुधारगृहाची अधीक्षक म्हणून जाते. घरात छळ नाही, मारहाण नाही. नवरा, म्हणजे गिरीश कार्नाड, सुसंस्कृत; सासू स्वतः समाजकार्य करणारी. तरी ही जाते. तिला काम हवंय, एवढंच. टीव्हीसमोर बसलेल्या बायका इथंच दुभंगल्या. नवरा दारुडा असता तर त्यांनी सुलभाला केव्हाच माफ केलं असतं! चांगलं घर सोडणारी बाई पचवणं कठीण होतं, आणि तेंडुलकरांनी नेमकी तीच अडचण घातली होती.

सुधारगृहात गेल्यावर सिनेमा आणखी कडू होतो. व्यवस्थापन समितीच्या बैठका, वरून येणारे दबाव, पळून जाणाऱ्या आणि परत आणल्या जाणाऱ्या बायका. दोन बायकांच्या परस्पर ओढीचाही विषय त्यात येतो. १९८२ च्या मराठी पडद्यावर हे कुणाच्या स्वप्नात नव्हतं. आमच्या त्या दुपारी तो भाग आला तेव्हा कुणीतरी चहा ठेवायला उठलं, बाकीच्यांनी काही न कळल्यासारखं केलं. स्मिता यात मोठ्यानं फारसं बोलत नाही. फाइल उघडताना, समितीपुढे बसताना तिच्या चेहऱ्यावर नोकरदार बाईचा थकवा आहे. असा थकवा मी पंचायत समितीत, शाळेत, दवाखान्यात कितीतरी बायकांच्या तोंडावर पाहिलाय, सिनेमात क्वचितच. हृदयनाथ मंगेशकरांची गाणी घरोघरी वाजली; पण गाण्यांमुळे सिनेमा लक्षात राहिला, हे म्हणणं त्याच्यावर अन्याय करणारं आहे.

सागर सरहदींचा 'बाजार' हैदराबादचा. आखातातल्या पैसेवाल्याला गरीब घरातली कोवळी पोर लग्नाच्या नावाखाली विकली जाते, आणि हा सौदा जुळवायला नजमा हातभार लावते. सुप्रिया पाठक, फारुख शेख, नसीरुद्दीन शाह सगळेच उत्तम, खय्यामचं संगीत तर काय सांगावं. पण नजमा स्वतःही कुणाच्या तरी शब्दावर टांगलेली आहे, आणि गुन्ह्यातला आपला वाटा तिला उशिरा कळतो, हे स्मितानं ज्या पद्धतीनं दाखवलं त्यानं मी आजही अस्वस्थ होतो.

'दर्द का रिश्ता' नर्गिस गेल्यानंतर सुनील दत्तनं कर्करोगावर काढलेला सिनेमा. हेतू मोठा, सिनेमा भाबडा. 'भीगी पलकें' राज बब्बरबरोबर. यादी पुरी करायची म्हणून नाव घेतलं.

उरला 'अर्थ', आणि त्यावरून आमच्यात अजून वाद आहे. महेश भट्टच्या या सिनेमात सहानुभूती सगळी शबाना आझमीच्या पूजाकडे जाते, त्या वर्षीचा राष्ट्रीय पुरस्कारही तिलाच मिळाला. मोडणारा संसार तिचा. स्मिताची कविता ती दुसरी बाई. माझा जामनेरचा एक मित्र 'अर्थ'ला 'उंबरठा'च्या वर ठेवतो. त्याचं म्हणणं, सुलभाच्या पाठीशी निदान विचार आहे. कविताच्या पाठीशी कुणीच नाही, लेखकसुद्धा नाही, आणि तरी तिची भीती खोटी वाटत नाही. मी म्हणतो, शेवटी कविता पूजाच्या नवऱ्याला सोडते ती पूजाला भेटल्यावर. सुलभाला त्यासाठी कुणाची भेट लागत नाही. त्यावर तो म्हणतो, मग अवघड काम कुणाचं झालं? इथं मी दरवेळी शेवभाजीचा विषय काढतो.