कँथल : लालबुंद होऊनही न जळणारी तार

विजेच्या शेगडीतली गुंडाळी तासन् तास लाल राहते, तरी जळत नाही. साधी लोखंडी तार तेवढ्या आचेला खपल्या धरून झिजून जाईल. गंमत म्हणजे कँथल या मिश्रधातूतही मुख्य धातू लोखंडच. जोडीला वीस-बावीस टक्के क्रोमियम आणि पाचेक टक्के ॲल्युमिनियम. खरी करामत या पाच टक्क्यांची. तार तापली की ॲल्युमिनियमचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होतो आणि पृष्ठभागावर ॲल्युमिनाचा पातळ, घट्ट थर बसतो. मग ऑक्सिजनला आत शिरायला वावच उरत नाही.

स्वीडनमधल्या हालस्टाहामर इथे हान्स फॉन कांट्झो यांनी १९३०च्या सुमारास हा मिश्रधातू विकसित केला. भट्टीत त्याचे उत्तम प्रकार १४०० अंश सेल्सिअसपर्यंत टिकतात. निकेल-क्रोमियमचं निक्रोम १२०० च्या आसपासच हात टेकतं. शिवाय कँथलला महागडं निकेल लागत नाही.

एक खोड मात्र आहे. नवी तार हवी तशी वळते, पण बराच काळ तापून निवली की ठिसूळ होते. तुटलेली जुनी गुंडाळी पक्कडीने पीळ देऊन सांधायला जावं, तर ती कडकन मोडते. निक्रोम त्या मानाने सोशिक. वापरानंतरही वाकवून घेतं.