पैसे माझे, आकडाही माझाच

कोल्हापूरच्या बाजाराची एक आठवण आपल्या घराघरांत सांगितली जाते. संस्थानच्या काळात गंगाराम कांबळे यांनी भाऊसिंगजी रोडवर चहाचे हॉटेल काढले. अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला गिऱ्हाईक येईना, तेव्हा राजर्षी शाहू महाराज स्वतः तेथे गाडी थांबवून चहा पिऊ लागले आणि सोबतच्यांनाही पाजू लागले. दुकानाची पायरी चढणे, आपले पैसे आपल्या हाताने मोजून देणे, हे आपल्या समाजाला फुकट मिळालेले नाही.

आज दुकान मोबाईलमध्ये आले आहे. ते जात विचारत नाही. पण ते डोळे मागते. ज्यांना दृष्टी नाही त्या बांधवांनी काय करावे?

आमच्या घरात आत्ती आहेत. त्यांची दृष्टी जाऊन बरीच वर्षे झाली. निराधार योजनेचे पैसे त्यांच्या बँक खात्यात जमा होतात. त्यांचे कार्ड आमच्या कपाटात आणि पिन आमच्या डोक्यात, असा आमचा रिवाज होता. आम्ही कचेरीत दिवसभर आकडेमोड करणारे आणि संध्याकाळी समाजकार्य करणारे. यात काही चुकते आहे असे आमच्या मनातही आले नाही. उलट आपण सेवा करतो, असाच आमचा समज होता.

मागील वर्षावासात आमच्या मुलीने आत्तींना मोबाईलवरचा टॉकबॅक शिकवला. पडद्यावर जे लिहिलेले असते ते बोलून दाखवणारी ही सोय आहे. तिलाच स्क्रीन रीडर म्हणतात. पुढे आत्तींना रेडिओ घ्यायचा होता. सवयीने आम्ही हात पुढे केला. आत्ती म्हणाल्या, "पैसं माझं आन् आकडा तुझ्या डोस्क्यात, ह्ये कसलं? तू जरा तिकडं बघ. माझा आकडा मी टाकते."

आम्ही तोंड फिरवले. खरे सांगायचे तर शरम वाटली.

पहिल्या खेपेला कार्डाने पैसे भरताना ओटीपी ऐकून टाकेपर्यंत मुदत संपली. दुसऱ्या खेपेला एका ठिकाणी फोन नुसताच "बटन, बटन" म्हणत राहिला. बटनाला नावच दिलेले नव्हते. तिसऱ्या खेपेला यूपीआयने पैसे गेले. रेडिओ आला त्या दिवशी आत्तींनी घरात सगळ्यांना चहा दिला.

शिकण्यासारखे काय?

अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅकसाठी वेगळे पैसे लागत नाहीत. सेटिंगमधील ॲक्सेसिबिलिटी या भागात तो सापडतो. बोट फिरवले की बोटाखालचे नाव ऐकू येते; दोनदा टिचकी मारली की ते उघडते. आयफोनमध्ये हेच काम व्हॉइसओव्हर करतो. संगणकासाठी एनव्हीडीए हा मोफत प्रोग्राम आहे. मायकेल करन आणि जेम्स टेह या ऑस्ट्रेलियातील दोन अंध तरुणांनी तो घडवला. त्याचे काम २००६ साली सुरू झाले.

पैसे भरताना इअरफोन लावावा, म्हणजे बोललेला आकडा दुसऱ्याच्या कानी जात नाही. पडदा काळा ठेवण्याचीही सोय टॉकबॅकमध्ये आहे. पिन टाकण्यापूर्वी रक्कम आणि घेणाऱ्याचे नाव दोनदा ऐकावे. दुकानाचा पत्ता एकेक अक्षर करून ऐकावा. डोळसांच्या नजरेतून सुटणारे बनावट अक्षर कानाला सापडते. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीच नाही. "मदत करतो, हे ॲप टाका, मला तुमचा पडदा दिसू द्या," असा फोन आला तर तो ठेवून द्यावा. फसवणूक झालीच तर ताबडतोब १९३० या क्रमांकावर आणि बँकेला कळवावे.

येथे आम्हा घरच्या माणसांनाही एक धडा आहे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, ग्राहकाने पिन वा पासवर्ड दुसऱ्याला सांगितला आणि त्यातून नुकसान झाले, तर बँकेला कळवेपर्यंतचे सारे नुकसान ग्राहकाचेच. म्हणजे आम्ही ज्याला सेवा समजत होतो, तिने आत्तींचेच संरक्षण काढून घेतले होते!

ही मेहेरबानी नव्हे

बटनाला नाव नसणे ही आत्तींची चूक नव्हे, ती बनवणाऱ्याची चूक आहे. २००८ साली रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावले की चेकबुक, एटीएम, नेटबँकिंग या सोयी अंध ग्राहकाला भेदभाव न करता द्याव्यात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने इलेक्ट्रॉनिक साधने सर्वांना वापरता येतील अशी करण्याचे बंधन घातले. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यापुढचे पाऊल टाकले. ॲसिड हल्ला सोसलेल्या प्रज्ञा प्रसून आणि अंध वकील अमर जैन यांच्या याचिकांवर निकाल देताना न्यायालयाने सांगितले की डिजिटल सेवा वापरता येणे हा घटनेच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. खाते उघडताना कॅमेऱ्यासमोर पापणी मिटण्याची अट या माणसांनी कशी पाळावी, हा त्यांचा प्रश्न होता. बाबासाहेबांच्या घटनेतले ते कलम आज मोबाईलच्या पडद्यापर्यंत पोहोचले आहे.

आपल्या वस्तीत, विहारात येणाऱ्यांत अंध बांधव-भगिनी आहेत. रविवारच्या वंदनेनंतर एक तास कॉलेजातील मुला-मुलींनी त्यांना टॉकबॅक शिकवावा. सुरुवातीला वीस-तीस रुपयांचीच खरेदी करावी. अडले तर त्या कंपनीकडे आणि बँकेकडे लेखी तक्रार करावी. अर्ज लिहिण्याचे काम आमच्यासारख्या कारकुनांनी करावे. आमची जागा तेथे आहे, दुसऱ्याच्या पिनमध्ये नाही.

तथागतांनी स्वतःच स्वतःचा दिवा होण्यास सांगितले. तो दिवा डोळ्यांवर अवलंबून नाही. आत्तींनी परवा पिन बदलला. नवा आकडा आम्हाला ठाऊक नाही, आणि आम्ही विचारणारही नाही.

जयभीम!