उसाच्या फडातून मंडईपर्यंत : डर्बनमधला एक दिवस

आपल्याकडे ऊसतोडणीला माणसे बिऱ्हाड घेऊन जिल्हे ओलांडतात. त्याच उसासाठी एके काळी आपल्या देशातली माणसे समुद्र ओलांडून गेली. दक्षिण आफ्रिकेतील डर्बन शहरात त्यांच्या वंशजांची जुनी पेठ आहे. ती पायी हिंडून पाहायला एक दिवस पुरतो.

सुरुवात करावी ती वॉरविक भागातल्या सकाळच्या मंडईपासून. कोथिंबीर, मिरची, कढीपत्ता, भेंडी असा ओळखीचा माल तिथे दिसतो. १६ नोव्हेंबर १८६० रोजी ‘ट्रुरो’ जहाज मद्रासहून मजुरांना घेऊन डर्बनला लागले. १९११ पर्यंत दीड लाखावर माणसे अशी आली. बहुतेक तमिळ, तेलुगू आणि भोजपुरी बोलणारी. करार पाच वर्षांचा. पहिल्या वर्षी महिना १० शिलिंग आणि वर शिधा. करार सुटल्यावर अनेकांनी जमिनीचा तुकडा खंडाने घेतला, भाजीपाला पिकवला आणि शहरात आणून विकला. १९१० साली सुरू झालेल्या या मंडईमागे हे कष्ट आहेत. २००९ मध्ये तिच्या जागी मॉल बांधण्याचा घाट घातला गेला. विक्रेते एकजुटीने उभे राहिले आणि मंडई वाचली.

तिथून व्हिक्टोरिया स्ट्रीट मार्केट जवळच. मसाल्यांचे लालभडक ढीग रचलेले असतात. एका जहाल मसाल्याचे नाव तर चक्क ‘सासूनाशक’! सासूबाईंनी रागावू नये, तो सुनेलाही तितकाच झोंबतो.

पुढे जुनी ग्रे स्ट्रीट, म्हणजे आजचा डॉ. युसूफ दादू मार्ग. तिथली जुम्मा मशीद आणि शेजारची दुकानांची बोळ पाहून होईतो भूक लागते. मग मागवावा ‘बनी चाऊ’. पावाचा अर्धा किंवा पाव भाग पोखरून त्यात रस्सा भरतात. ताट नाही, चमचा नाही. पाव मोडून रश्शात बुडवावा आणि हाताने खावे. सोबत गाजर, कांदा, मिरचीची कोशिंबीर. बनिया, म्हणजे वाण्यांच्या खाणावळीवरून हे नाव पडले, असे सांगतात. मटणाचा बनी मिळतो, तसा घेवड्याच्या दाण्यांचाही.

या पेठेशी मराठी माणसाचाही संबंध आहे. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९१० मध्ये कायदेमंडळात नाताळसाठी होणारी मजूरभरती थांबवण्याचा ठराव मांडला. पुढच्या वर्षी ती थांबली. करार संपूनही तिथेच राहणाऱ्यांवर वर्षाला ३ पौंडांचा कर होता. महिना १० शिलिंगांवर राबलेल्या माणसाला तो म्हणजे सहा महिन्यांची कमाई! १९१२ मध्ये गोखले स्वतः तिथे गेले आणि त्याविरुद्ध बोलले. गांधीजींच्या सत्याग्रहानंतर १९१४ मध्ये तो कर रद्द झाला.

घरी बनी करायचा तर न कापलेला पाव घ्यावा. घेवड्याचा रस्सा बटाटा घालून दाट करावा आणि आयत्या वेळी भरावा. आतला काढलेला मऊ पाव मात्र टाकू नये; पहिला घास त्याचाच असतो.